पुठ्ठ्याआडची होडी

आमच्या डोंबिवलीच्या वाचनालयात त्या काळी हजार-बाराशे पुस्तकं होती, आणि ती सगळीच्या सगळी ठाऊक असलेला माणूस गावात एकच होता. त्याला वाचता येत नव्हतं. यात मी काही गंमत करत नाही, जसं होतं तसं सांगते आहे.

गणू केणे वाचनालयाचा शिपाई होता. आयरे गावचा आगरी, वय पन्नाशीच्या आसपास. बाईमाणसानं वाचनालयात जायचं, कपाटापुढे उभं राहून आपल्या हातानं पुस्तक निवडायचं, ही चाल १९५१ साली निदान माझ्या सासरी तरी रुळलेली नव्हती. म्हणून वाचनालयानं बायकांसाठी घरपोच पुस्तकांची सोय केली होती. दर सोमवारी आणि गुरुवारी गणू खाकी पिशवी खांद्याला अडकवून निघायचा. दुपारी तीनच्या सुमाराला पुरुष कचेरीत आणि सासवा आडव्या झालेल्या असत, तेव्हा तो मागच्या दारी यायचा. पिशवीत आठ-दहा पुस्तकं असत. त्यातलं एक घ्यायचं आणि वाचून झालेलं परत करायचं.

परत करणं मात्र सोपं नव्हतं. गणू पायरीवर बसायचा, पुस्तक मांडीवर घ्यायचा आणि विचारायचा, "काय जाला यान, वयनी?"

मग पुस्तकात काय झालं ते आपण सांगायचं. आळस चालत नसे. "चांगलं होतं" म्हटलं की तो नुसता बघत बसायचा. सासूबाईंना हा प्रकार अजिबात पसंत नव्हता. शिपायानं पुस्तक पोचवावं की परीक्षा घ्यावी, असं त्या म्हणत. मी मात्र ठाण्याच्या नौपाड्यातून इंटरपर्यंत शिकून आलेली, नवी लग्न झालेली, आणि त्या घरात माझं बोलणं पूर्ण ऐकून घेणारा तो पहिला माणूस. त्यामुळे मी त्याला गणूदादा म्हणू लागले आणि गोष्टी अगदी मीठमसाला लावून सांगू लागले.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मला एका पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत, अगदी कोपऱ्यात, शिसपेन्सिलीनं काढलेली एक बारीकशी अंगठी दिसली. दुसऱ्या पुस्तकात कुलूप होतं, तिसऱ्यात तीन रेघा. वाचनालयाच्या पुस्तकात कोण वात्रटपणा करतं म्हणून मी त्यालाच विचारलं, तर तो चक्क लाजला.

खुणा त्याच्याच होत्या. अंगठी म्हणजे कशावरून तरी माणसाची ओळख पटते ती गोष्ट. कुलूप म्हणजे उघडू नको सांगितलेली खोली उघडतात ती. तीन रेघा म्हणजे तीन भाऊ, आणि धाकटा वेडगळ तोच शेवटी शहाणा. सूप म्हणजे सावत्र आई. असं का, ते त्यानं कधी सांगितलं नाही. दिवा म्हणजे वाट बघणारी बाई. आणि होडी म्हणजे गेलेला माणूस परत येतो.

"आमचे आयच्या गोष्टी हायत या," तो म्हणाला. "तुमचे पुस्तकान नावं बदलतान, बाकी तेच."

गणूचं सगळं तरुणपण ठाण्याच्या खाडीवरच्या मिठागरात गेलं होतं. त्याची आई तुळसा मिठाच्या पाट्या वाहायची. डोक्यावर पाटी घेतलेल्या बायकांची रांग बांधावरून चालायची आणि सगळ्यांत पुढची बाई गोष्ट सांगायची. एक वाक्य तिनं बोलायचं, ते मागचीनं तिच्या मागचीला सांगायचं, आणि असं करत गोष्ट शेवटच्या बाईपर्यंत पोचायची. वाटेत राजाचा पाटील व्हायचा, हत्तीची म्हैस व्हायची, पण परत येणारा माणूस परत यायचाच. पुढे खाऱ्या पाण्यानं गणूचे पाय असे चिघळले की त्याला मिठागर सोडावं लागलं. तो वाचनालयात लागला, आणि इथल्या कपाटांतही त्याला तीच रांग सापडली. बंगाली असो, इंग्रजी असो, रशियन असो, भाषांतर होऊन आलं की त्याला ते घरचंच वाटायचं. एकदा त्यानं मला अगदी मनापासून विचारलं होतं की रशियात पण सावत्र आई असते का. असते म्हटल्यावर त्याला समाधान वाटलं.

आमचे कार्यवाह श्रीपादराव ग्रंथपालनाचं एक जाड इंग्रजी पुस्तक आणून आकड्यांची वर्गवारी करत होते. त्यांना या खुणा दिसल्या तेव्हा त्यांनी गणूला चांगलंच फैलावर घेतलं. पण नंतर कुणी "जरा शेवट गोड असलेलं द्या" म्हणून आलं की हेच श्रीपादराव हळूच मागचा पुठ्ठा उघडून बघताना मी स्वतः पाहिलेत.

तुळसा आता म्हातारी होऊन घरात बसून होती. दिवसभर दहा दारी ऐकलेलं गणू संध्याकाळी तिला ऐकवायचा. म्हणजे रांग अजून चालूच होती, फक्त आता पुढे आम्ही बायका होतो.

आता माझ्या अपराधाचं सांगते.

१९५३ च्या हिवाळ्यात माझ्या मुलीला डांग्या खोकला झाला. त्याच आठवड्यात मी निळ्या कापडी बांधणीचं एक जाडजूड पुस्तक घेतलं होतं. कुठल्याशा थंड देशातल्या कादंबरीचं भाषांतर. धाकटा मुलगा बापाशी भांडून गलबतावर जातो आणि आई रोज खिडकीत दिवा लावून ठेवते, इथपर्यंत मी वाचलं. चाळीस पानं असतील. पुढे वाचायला जीव थाऱ्यावर नव्हता. सोमवारी गणू आला आणि त्यानं विचारलं, काय झालं?

वाचलं नाही म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? पण मी पडले इंटर झालेली. चाळीसाव्या पानाला पुस्तक टाकलं, हे एका निरक्षर माणसापुढे कबूल करायला माझी जीभ रेटेना. उचलली जीभ लावली टाळ्याला. मुलगा दहा वर्षांनी परत येतो, म्हणाले. दाढी वाढलेली असते, आई ओळखत नाही, म्हणाले. मग तो दिव्याजवळ हात नेतो, आणि लहानपणी चुलीपाशी भाजलेला मनगटावरचा डाग तिला दिसतो. हे सगळं मला सुचायला क्षणही लागला नाही. शेकडो वर्षं लोकांनी सांगून सांगून ते तयारच ठेवलेलं होतं, मी फक्त उचललं.

गणू इतका खूश झाला की त्यानं तिथंच कानावरची पेन्सिल काढली, आणि जिभेला टोक लावून पुठ्ठ्याच्या आत होडी काढली. किनाऱ्याकडे नाळ, म्हणजे पुढचं टोक, केलेली, व्यवस्थित शीड असलेली.

आमच्या गल्लीच्या टोकाला मंदाकिनीबाई राहत. मी त्यांना मंदाकाकू म्हणायची. त्यांचे यजमान शहाडला एका कारखान्यात हेडक्लार्क होते. त्यांचा एकुलता एक सुधीर कॉलेज सोडून बोटीवर नोकरी करीन म्हणाला, बापानं थोबाडीत दिली आणि मुलगा निघून गेला. त्याला दीड वर्ष झालं होतं. एक पत्र नाही. यजमान त्याचं नाव काढू देत नसत. मंदाकाकू कुणापाशी रडल्या नाहीत, पण गणूला त्यांनी सांगून ठेवलं होतं की ज्यात तो परत येतो तेवढीच पुस्तकं मला आण. गणू त्यांना शोधून शोधून होडीची पुस्तकं नेऊन द्यायचा. ती मोजून पाच होती. सगळी पुस्तकं त्यांनी दोन-दोनदा वाचली होती. आम्ही देव्हाऱ्यापुढे बसतो तशा त्या पुस्तक घेऊन बसत.

मुलगी बरी झाली आणि मी ते सगळं विसरून गेले. फाल्गुनातल्या एका गुरुवारी गणू पायरीवर टेकला आणि आनंदानं म्हणाला की मंदाकाकूंना सोमवारी सहावं पुस्तक दिलं. ते निळं. अडीनडीला असू दे म्हणून मुद्दाम मागे ठेवलं होतं, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा बघवेना.

शेवट काय आहे हे मलाच माहीत नव्हतं. संध्याकाळी मुलीला कडेवर घेऊन मी श्रीपादरावांच्या घरी गेले आणि इकडचं तिकडचं बोलून त्या पुस्तकाचा विषय काढला. ते एकदम खुलले. फार थोर कादंबरी, म्हणाले, मुलगा पहिल्याच वादळात बुडाला हे आपल्याला शेवटी कळतं, आईला कुणीच सांगत नाही, आणि ती म्हातारी होईपर्यंत दिवा लावत राहते. त्यांनी मला वर असंही सांगितलं की हल्लीच्या वाचकांना असा शेवट पेलत नाही.

शुक्रवारी सकाळी मी मंदाकाकूंकडे धावले. काहीतरी निमित्त सांगून पुस्तक काढून घ्यायचं, असं ठरवलं होतं. दाराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं की त्या कल्याणला बहिणीकडे गेल्यात, पिशवीत पुस्तक घेऊन. रविवारी रात्री येतील. ते तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. भाजी करपली, सासूबाईंची बोलणी खाल्ली, आणि डोळ्यांपुढे सारखं हेच, की त्या बहिणीच्या माजघरात बसल्यात आणि शेवटच्या पानाशी आल्यात.

सोमवारी तीन वाजता गणू आला. मंदाकाकूंचं घर त्याच्या वाटेवर आमच्या आधी लागे. त्यानं पिशवीतून ते निळं पुस्तक काढलं तेव्हा मी त्याला बोलूच दिलं नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. मी ते वाचलं नव्हतं, शेवट मी मनानं रचला, मुलगा परत येत नाही, तो बुडतो.

गणू हसला. मी काहीतरी विसरते आहे असं त्याला वाटलं.

"असा कसा, वयनी? काकूंनी आत्ताच सांगतला. पोऱ्या माघारी येतो. आय वलखत नाय, मंग तेचे भुवईवरची खोक बघते. तुमी मनगट सांगतला, त्या भुवई बोलल्या. येवढाच फरक."

सुधीरच्या भुवईवर खोक होती, लहानपणी विहिरीच्या काठावर पडल्याची. ती गल्लीत सगळ्यांना माहीत होती. हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि गणूच्याही पडला असावा, कारण त्याचं हसू गेलं. मी पुस्तक उघडून शेवटची पंधरा पानं त्याला वाचून दाखवली. पायरीवर बसून, हलक्या आवाजात, एकही वाक्य न गाळता. तो मान खाली घालून ऐकत होता. संपल्यावर त्यानं पुस्तक मिटून मांडीवर घेतलं.

"मना वाचता येत नाय," मग तो म्हणाला. "तुमचे तोंडानं वाचतो मी. आनि माझे तोंडानं आय वाचते."

रागावला असता तर बरं झालं असतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मग त्यानं स्वतःहून सांगितलं ते मला त्याआधी कुणीच सांगितलेलं नव्हतं. गणूला एक धाकटा भाऊ होता, गोविंदा. मिठाचा मचवा घेऊन गेला तो आलाच नाही, त्याला तीस वर्षं झाली होती. तुळसा रांगेत पुढे चालून होडीची गोष्ट सांगायची ती त्यानंतर. घरात जेवायला बसताना ती अजून एक पाट जास्तीचा मांडायची. गोष्टीत माणूस परत आणला म्हणजे घरात पाट मांडायला तोंड राहतं, असं तिचं म्हणणं. माझी मनगटावरच्या डागाची गोष्ट गणूनं तिला ऐकवली त्या संध्याकाळी ती दोन घास जास्त जेवली होती.

"आयला मी सांगाचा नाय," तो म्हणाला. "पन पुस्तकाची खून खरी पायजे."

त्यानं रबर मागितलं. माझ्याकडे रबर नव्हतं, म्हणून भाकरीचा मऊ तुकडा घेऊन त्यानं ती होडी पुसली, फुंकर मारली, आणि तिथं दिवा काढला. मी बघत बसले. खोटं बोलणाऱ्या दोन शिकलेल्या बायका आणि खूण खरी ठेवणारा हा एक, असा तो हिशेब होता.

तो गेल्यावर मी मंदाकाकूंकडे गेले आणि त्यांच्यापुढेही कबुली दिली. त्या तांदूळ निवडत होत्या. हातातलं सूप बाजूला ठेवून त्यांनी मला जवळ बसवलं.

"अगं, मी शनिवारीच वाचून संपवलं," त्या म्हणाल्या. "रडले खूप. बहीण घाबरली. पण आज तो पायरीवर बसून इतक्या आशेनं विचारायला लागला की त्याला कसं सांगू, तू आणलेल्या पुस्तकात पोरगा बुडाला म्हणून? मग म्हटलं, आला परत. आणि सांगता सांगता, हेमा, मला माझ्याच तोंडून ऐकायला मिळालं ते. दीड वर्षात मी हे शब्द मोठ्यानं उच्चारले नव्हते."

आम्ही दोघी मग बराच वेळ तांदूळ निवडत बसलो.

त्या दिवसापासून मी हातात घेतलेलं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचते. कंटाळवाणं असलं तरी. माझी लेक हसते याला, पण मी वाचक झाले ती इंटरला नव्हे, मागच्या दारच्या पायरीवर झाले, आणि याबद्दल मी ज्याचे पाय धरावेत असा माणूस एकच. एकदा मी गणूला अक्षरं शिकवायला निघाले होते. त्यानं नम्रपणे नकार दिला. मला वाचता यायला लागलं तर तुम्ही सांगाल कशाला, म्हणाला. माझ्यासमोर बसून कुणीतरी माझ्याकडून खरं काय ते ऐकू इच्छितो, याची किंमत मला तेव्हा कळली होती, म्हणून मीही आग्रह केला नाही.

१९५७ च्या मार्गशीर्षात एका सोमवारी मंदाकाकूंनी भर दुपारी मला बोलावणं पाठवलं. मी गेले तर त्या मागच्या पायरीवर बसलेल्या. मला त्यांनी शेजारी बसवलं. थोड्या वेळानं गणू आला. आता तो पुरता पिकला होता, पण पिशवी तीच होती. त्यानं परतीचं पुस्तक मांडीवर घेतलं आणि नेहमीसारखं विचारलं, काय झालं?

"तो परत आला, गणू," मंदाकाकू म्हणाल्या.

गणूनं मागचा पुठ्ठा उघडून कोपरा बघितला आणि गोंधळला. "यान त तीन भाव हायत, काकू."

"पुस्तकात नाही रे."

दाराच्या आत, यजमानांच्या जुन्या वहाणांशेजारी, कॅन्व्हासचे मळके बूट काढून ठेवलेले होते. आतून कुणाच्या तरी घोरण्याचा आवाज येत होता. गणू बुटांकडे बघत राहिला. मग त्यानं, केवळ सवयीनं, पुढचा प्रश्न विचारला.

"कशावरनं वलखलाव?"

"भुवई बघायला वेळ कुठे होता?" मंदाकाकू म्हणाल्या. "दारातूनच म्हणाला, आई, जेवायला काही आहे का."

गणूनं त्यांचं सभासदाचं कार्ड मागून घेतलं. कानावरची पेन्सिल काढली, टोक जिभेला लावलं आणि कार्डाच्या मागे, सावकाश, एक होडी काढली. किनाऱ्याकडे नाळ केलेली. मग बाकीची घरं तशीच टाकून तो उठला. वाचनालयाच्या नोकरीत त्यानं फेरी अर्धी सोडल्याचं मला आठवतं ते एवढं एकदाच. घरी जातो म्हणाला, आईला सांगायचं आहे, आणि या खेपेला घडलेलं सांगायचं आहे.

गुरुवारी तो आला तेव्हा मी पुस्तकाआधी तेच विचारलं. तुळसा तेव्हा ऐंशीच्या पुढची होती. डोळे गेले होते, पण पाट अजून मांडत होती.

"काय म्हणाली आई?"

"बोलली, बघ, मी सांगत व्हते ना."